गुंडीचं थांब

माझ्या मुलीचा पहिला शब्द ‘आई’ नव्हता. ‘बाबा’ही नव्हता, त्यामुळे नवऱ्याला मिरवायला काही मिळालं नाही. तिचा पहिला शब्द होता ‘थांब’, आणि त्याचा अर्थ होता दूध.

चूक माझीच. मी शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करते. पाजायला सोपं जावं म्हणून बाळंतपणाआधीच मी स्वतःसाठी पुढून उघडणारे, मोठ्या बटणांचे कुडते शिवून ठेवले होते. पण काजं केली नेहमीसारखी घट्ट. सैल काज मला बघवत नाही, त्यातून बटण कधी निसटेल याचा भरवसा नसतो. मग व्हायचं असं, की हिला भूक लागली, हिनं घर डोक्यावर घेतलं, की मी एका हातानं बटणाशी झटत म्हणायचे, “थांब, थांब हं, थांब.” आणि बटण निघालं की दूध. हिनं आपला हिशेब लावला. या घरात थांब म्हटलं की दूध मिळतं.

पण शब्द ही फार पुढची गोष्ट. सुरुवातीला नुसतं तोंड होतं. डोळे मिटलेले, मान लटपटती, आणि मिळेल ते चोखणारं एक तोंड. आम्हां दोघींनाही काही येत नव्हतं, आणि जो भेटेल तो सांगत होता की हे सगळं आपोआप येतं. मला चिरा पडल्या. ती तोंड लावायची तेव्हा मी पायाची बोटं आवळून घ्यायचे. सासूबाई शेजारी बसून तिची हनुवटी खाली ओढायच्या. “अगं, मोठं तोंड उघडू दे तिला. नुसतं टोक नको देऊस.” त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच मला त्यांचा राग यायचा.

मग एक दिवस दुखायचं थांबलं. कधी, ते मला सांगता येणार नाही. दुखणं येतं तेव्हा कळतं, जातं तेव्हा माणूस दुसऱ्याच कामात असतो. ती आता माझ्याकडं बघत प्यायची. मध्येच हसायची, आणि हसली की पकड सुटून ओठांच्या कडेनं दूध ओघळायचं. ओघळलं की रडायची. मी तिला म्हणायचे, बाई, हसायचं की प्यायचं ते एकदा ठरव.

कामावर परत गेले तेव्हा अस्तराच्या उरलेल्या तुकड्यांच्या चकत्या शिवून आत ठेवायचे. तरी एकदा गिऱ्हाइकाचं बाळ दुकानात रडलं आणि माझा कुडता समोरून ओला झाला. आमचे मास्तर कात्री घेऊन कापडावर वाकले ते वाकलेच, मान वर करेनात. संध्याकाळी मला म्हणाले, “बाई, दुपारी ट्रायल रूम तुमची. सासूबाईंना सांगा, पोरीला इकडं आणा.” मास्तर हा माणूस तसा तिखट. बटणं वरखाली लावून कुणी दुकानातून बाहेर पडायला लागलं, तर त्याला दारातून परत बोलावून नीट लावायला लावतात. दुकानाची अब्रू जाते म्हणे. तर त्या मास्तरांनी सासूबाईंच्या कडेवरच्या पोरीकडं बघितलं आणि म्हणाले, “एवढीशी गोल. ही तर गुंडी.” सदऱ्याच्या बटणाला जुनी माणसं गुंडी म्हणतात. नाव चिकटलं. दात आल्यावर ती मला चावायला लागली, तेव्हा त्या नावाचा दुसरा अर्थही आम्हांला पटला.

दात आले तसे कानही आले म्हणायचे. मशीनचा आवाज झाला की दूध सोडून मान वळवायची, आणि सोडलेलं दूध काही लगेच थांबत नाही. ट्रायल रूमच्या आरशावर थेंब उडालेले असायचे. मी बाहेर येण्याआधी पुसून घ्यायचे. एकदा राहिले. गिऱ्हाईक आत गेलं आणि आरसा किती डागाळलाय म्हणून तक्रार करून बाहेर आलं. मास्तर म्हणाले, “पावडर असेल.” पावडर!

चालायला लागल्यावर तर तऱ्हाच बदलली. आता ती भात खायची, भाकर खायची, शेजाऱ्यांच्या घरचं बिस्कीट खायची, आणि दूध हे जेवण उरलं नव्हतं. पडली, की दूध. झोप आली, की दूध. अनोळखी माणूस दिसला, की दूध. दोन घोट घ्यायचे आणि पळायचं. मी आई नव्हते, मी थांबा होते. बस येते, जरा उभी राहते, जाते. प्यायची तीसुद्धा उभ्यानं, नाहीतर एक पाय माझ्या खांद्यावर टाकून. एका हातात दुसऱ्या बाजूचं बटण धरून ठेवायची, जणू कुणी पळवून नेणार होतं. बटण उघडायलाही तीच शिकली. माझी घट्ट काजं तिनं पुरती हरवली. लावायला मात्र येत नव्हतं, आणि तिला त्याची गरजही वाटत नव्हती.

आणि तेव्हाच तो शब्द आला. “थांब,” माझ्या गुडघ्याला धरून. “थांब पायजे.” बाहुलीलाही ती कुशीत घेऊन थांब द्यायची. या शब्दानं आमची फजितीही बरीच झाली. एकदा ती रस्त्याकडं धावली, आणि मागून तिचे बाबा जिवाच्या आकांतानं ओरडले, “थांब! थांब!” ती गर्रकन वळली, आणि तोंड उघडून माझ्याकडं धावत आली. जीव भांड्यात पडला तो पडलाच, वर हे म्हणाले, “हा शब्द बदलू नका. दुसरी मुलं थांब म्हटल्यावर थांबत नाहीत.”

नणंद आली की टोमणा ठरलेला. “शाळेत डबा देणार आहेस, की तूच जाणार आहेस मधल्या सुट्टीत?” सासूबाई नुसत्या हसायच्या. मला राग यायचा. खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटायची. दोन वर्षं झाली होती, आणि मीच सोडवायला तयार नव्हते. दिवसभर मी लोकांच्या कपड्यांना काजं करायचे. घरात स्वयंपाक सासूबाईंचा, पोरीला खेळवायचं यांनी, गोष्टी सांगायच्या सासूबाईंनी. माझं असं तिच्याकडं हे एकच होतं. ते गेलं, की मी तिची कोण? मनात हा प्रश्न होता आणि तो मी कुणाला विचारला नव्हता.

मग गळ्यात गाठ लागली.

गाठ मलाच लागली, कुडत्याची कॉलर लावताना. ऑपरेशन झालं. परत आले तेव्हा गुंडीनं गळ्यावरची पट्टी बघून “बाऊ” म्हटलं, बाऊला जपून बटण उघडलं आणि प्यायली. तेव्हा वाटलं, निभावलं. पण काढलेल्या गाठीचा अहवाल आला आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हां दोघांना बसायला सांगितलं. बसायला सांगितलं की समजावं. कॅन्सर होता. त्या म्हणाल्या, बरा होणाऱ्यांतला आहे, घाबरू नका. एक गोळी घ्यायची. त्या गोळीतून किरण निघतात, ते उरलासुरला रोग जाळतात. गोळी घेतल्यावर काही दिवस इस्पितळात एकटीनं राहायचं, नंतरही लहान मुलापासून लांब.

“आणि अंगावर पाजताय का अजून?”

“हो.”

“ते आजपासून बंद करायच्या मागं लागा. छातीत दूध असलं तर ते औषध तिथंही जाऊन बसतं. आधी काही आठवडे पूर्ण बंद पाहिजे.”

“आणि नंतर?”

“नंतर पुन्हा नाही. या मुलीला नाही.”

मरणाची भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण घरी येताना रस्ताभर मी गोळीचा विचार करत नव्हते, त्या ‘या मुलीला नाही’चा करत होते. दूधही बंद, आणि वर तिच्यापासून लांब राहायचं. दोन्ही एकापाठोपाठ. परत येईन तेव्हा ही मला ओळखेल, पण मागेल का? मागायचं कारणच तर मी काढून घेऊन जाणार होते.

सासूबाई म्हणाल्या, “काहीतरी कडू लाव. दोन दिवसांत तोंड फिरवेल.”

“नाही आई. मी तिला फसवणार नाही.”

“फसवायचं काय त्यात? सगळ्या लावतात.”

“तिनं तोंड फिरवायला नको. मला थांबायचंय, तिला नकोसं व्हायचं नाहीये.”

मग म्हणाल्या, “बरं. तुझ्या मनासारखं कर.” वाद न घालता माझं ऐकल्याची ती पहिलीच वेळ असावी.

शेवटचं पाजलं ते एका दुपारी, रविवारी. मला माहीत होतं, तिला नव्हतं. मी ठरवलं होतं की नीट बघून घ्यायचं. तिचे मिटलेले डोळे, घामानं कपाळाला चिकटलेले केस, बटणावरची मूठ. सगळं बघून घ्यायचं, कारण पहिल्या वेळचं मला काही आठवत नाही, नुसतं दुखलेलं आठवतं. पण तिनं कुठं तेवढा वेळ दिला? चार घोट घेतले असतील, तेवढ्यात बाबांनी बाहेर सायकलीला हवा भरायला घेतली. पंपाचा आवाज आला. तिनं सोडलं, उठली, पळाली. दूध कुडत्यावर गळत राहिलं. मी बराच वेळ बटण लावलं नाही. परत येईल म्हणून बसून राहिले. ती आली नाही, हवा भरण्यात रमली.

संध्याकाळी आली. “थांब पायजे.”

मी तिला समोर बसवलं. काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं, आणि तोंडातून भलतंच आलं. “गुंडी, थांब थांबलं.”

तिला वाटलं मी होच म्हणतेय. दोनदा थांब म्हटलं मी! तिनं खुशीनं बटणाला हात घातला. मी तो हात धरला. पहिल्यांदाच धरला. तिनं माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरणार नाही. रडली नंतर, आधी नुसतं बघितलं. जसं काही मी घराचं दार आतून लावून घेतलं आणि ती बाहेर राहिली.

पुढचे दिवस वाईट गेले. ती रडून रडून यांच्या खांद्यावर झोपायची. माझी छाती दगडासारखी घट्ट झाली होती, हात वर करवत नव्हता. सासूबाई गार पाण्यात पिळलेले कपडे आणून ठेवायच्या, गरम झाले की बदलायच्या, परत ठेवायच्या. एकदाच म्हणाल्या, “माझ्या वेळेला मला कळलंसुद्धा नाही हे असं दुखतं म्हणून. कुणाला विचारायची सोय नव्हती.” मी रडायला लागले. त्यांनी कपडा बदलला.

मग ती मागेनाशी झाली. ज्यासाठी मी देवाला हात जोडले होते तेच झालं, आणि मला ते सोसवेना. माझ्या मांडीवर बसायचं टाळायची. खरं तर मीही टाळत होते. ती जवळ आली की छाती भरून यायची, रिकामी करायला परवानगी नव्हती. आम्ही दोघी एकमेकींना चुकवत एका घरात राहत होतो. आजीच्या मांडीवर बसून ती माझ्याकडं बघायची, आणि मी काजं करत बसायचे.

गोळी घेतली ती एका जाड दाराच्या खोलीत. गुंडीला नणंदेकडं पाठवलं होतं, सासूबाईही तिकडंच. जेवणाचं ताट दारातल्या छोट्या टेबलावर ठेवून परिचारिका मागं सरकायची. बाहेर कॉरिडॉरच्या टोकाला हे उभे राहून फोनवर बोलायचे, “दिसतोय का मी?” दाराच्या काचेतून दिसायचे, अंगठ्याएवढे. नणंदेच्या फोनवर गुंडी यायची, माझा चेहरा बघायची आणि फोन उलटा करून जमिनीवर ठेवायची. मला छताऐवजी काळोख दिसायचा आणि मागून नणंदेचा आवाज, “अगं, आई आहे, बोल की.” नका बोलायला लावू म्हणून मीच सांगितलं.

घरी आले, तेव्हाही अजून काही दिवस एकटीनंच राहायचं होतं. घर इतकं गप्प कधीच नव्हतं. ते दिवस सरले आणि नणंद दोघींना घेऊन आली. दारातच म्हणाली, “वहिनी, बघ कशी झालीये. सगळं नीट बोलते आता. आमच्या घरात कोण चालवून घेणार तुमची ती भाषा?” आणि मग हळूच, टोमणा बाजूला ठेवून, “बरी आहेस ना?”

गुंडी आजीच्या पदरामागं होती. मोठी दिसत होती. माझ्याकडं आली, गळ्यावरच्या व्रणाला बोट लावलं, “बाऊ गेला” म्हणाली आणि परत आजीकडं गेली. रात्री आजीजवळ झोपली. थांब मागितलं नाही. मी इतकी वाक्यं तयार ठेवली होती नाही म्हणायला, त्यांतलं एकही लागलं नाही.

“वेळ दे तिला,” सासूबाई म्हणाल्या.

“किती?”

“तेवढा नको मोजूस.”

मी कामावर जायचं ठरवलं. घरात बसून तिची पाठ बघण्यापेक्षा काजं केलेली बरी. सकाळी निघाले. जुनाच कुडता घातला होता, मोठ्या बटणांचा, दुसरे मला आताशा सैल होत होते. वरचं बटण उघडंच होतं, व्रणाला कॉलर टोचायची म्हणून. “येते हं,” असं घराला सांगितलं आणि चपला घालायला गेले.

चपलांवर गुंडी बसली होती. एकेका चपलेवर एकेक कुल्ला नीट मांडून.

“ऊठ गं. मला जायचंय.”

ती उठली नाही. माझ्याकडं मान वर करून म्हणाली, “थांब.”

एवढं सगळं करून पुन्हा पहिलंच? मी खाली बसले. पाठ केलेली वाक्यं आठवेनात. “गुंडी,” मी म्हटलं, “थांब संपलं ना गं? आईकडं आता ते नाही.”

तिनं उघड्या बटणाकडं बघितलं. हात पुढं केला. मी डोळे मिटून घेतले, आता हा हात पुन्हा धरायचा, पुन्हा ते बघणं. हात बटणावर आला आणि काही उघडलं नाही. तिची बोटं खटपट करत राहिली, नाकातून श्वास टाकत, जीभ बाहेर काढून. मी डोळे उघडले. ती बटण लावत होती. आत्याकडं शिकली असणार. घट्ट काजात बटण जाईना, तशी तिनं खालचं बटण सोडून वरचं त्याच्या सैलावलेल्या काजात घातलं. बसलं. मग ती माझ्या मांडीवर चढली, डोकं त्या बटणावर टेकवलं, दोन्ही हातांनी माझी कंबर धरली आणि पुन्हा म्हणाली, या वेळी जरा रागावून, मला कळत कसं नाही म्हणून, “आई, थांब. नको ना जाऊ.”

सगळं जग ज्या अर्थानं म्हणतं त्या अर्थानं म्हणाली. आमचा शब्द गेला होता. आत्याच्या घरात कुठंतरी, ट्रायल रूमच्या आरशावरच्या थेंबांसारखा पुसला गेला होता. आणि तिला मी हवी होते. दूध नको होतं, काहीच नको होतं, नुसती मी तिथं बसलेली हवी होते.

मी थांबले. उंबऱ्याशी, चपलांशेजारी, तिला मांडीवर घेऊन. छातीत काही भरून आलं नाही, डोळ्यांत आलं. आतून सासूबाई बाहेर आल्या, आम्हांला बघितलं आणि परत आत गेल्या. गुंडी थोड्या वेळानं आपणहूनच उतरली आणि चपला माझ्यापुढं ढकलून म्हणाली, “आता जा.”

दुकानात पोचायला उशीर झाला. मास्तरांनी मान वर केली, मला नीट बघून घेतलं. इतक्या दिवसांनी आले होते, त्यांना काहीतरी बरं बोलायचं असणार. पण सवय वाईट. त्यांची नजर कॉलरवर गेली आणि तोंडातून निघालंच, “बाई, बटण चुकलंय.”

“असू द्या, मास्तर,” मी म्हटलं. “गुंडीनं लावलंय.”

मास्तर कापडावर वाकले. दिवसभर मी तशीच बसले होते, एक खांदा वर, एक खाली, गिऱ्हाइकं बघत होती. संध्याकाळी निघताना मास्तरांनी मला दारातून परत बोलावलं नाही.

घरी जाऊन मी तो कुडता काढला, वरचं काज उसवलं आणि जरा सैल करून पुन्हा शिवलं. तिला लावायला सोपं जावं म्हणून.